थर रचलेली जादा कॅश: घरच्या मशिनसाठी तिचे पैसे मोजावेत का?

प्रश्न डोंबिवलीहून आला आहे. विचारणारे गृहस्थ लग्नसमारंभांचे व्हिडिओ शूट करतात आणि घरीच एडिट करतात. त्याच मशिनवर त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा रात्री व्हॅलोरंट आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर खेळतो. सध्या घरी रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ आणि जीटीएक्स १६६० सुपर आहे. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानाने त्यांना नव्या मशिनची दोन कोटेशनं दिली. एकात रायझन ७ ९७००एक्स, दुसऱ्यात रायझन ७ ९८००एक्स३डी. दुसऱ्यात कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी पण वेगवान मेमरी, जादा आहे, थर रचून बसवलेली. बाकी माल दोन्हींत तोच: आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, ३२ जीबी डीडीआर५, १६५ हर्ट्झचा १४४०पी मॉनिटर. फरक १६ हजारांचा. मुलगा आणि दुकानदार म्हणतात एक्स३डीच घ्या. पलीकडचा दुकानदार म्हणतो, पैसे पाण्यात. "सर, आम्ही नेमकं काय करावं?"

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. तुमच्या एडिटिंगला या जादा कॅशचा उपयोग नाही. व्हॅलोरंटला तिची गरज नाही. फ्लाइट सिम्युलेटरला मात्र ती खरोखर लागते. ज्याला फक्त सिम्युलेटरच चालवायचा आहे, त्याला मी दुसरा प्रोसेसर सुचवतच नाही. त्यामुळे तुमच्या घरापुरता प्रश्न एवढाच उरतो, की मुलगा सिम्युलेटरवर किती वेळ बसतो आणि तिथे त्याचा वेग कोण रोखून धरतं. हे घरबसल्या तपासता येतं, ते खाली लिहिलं आहे. पण त्याआधी ही वस्तू काय आहे ते समजून घ्या. दुकानात "९६ एमबी कॅश" हा आकडा असा सांगतात, की ऐकणाऱ्याला सगळं मशिनच तिप्पट वेगाने पळेल असं वाटतं.

प्रोसेसरमध्ये प्रत्यक्ष काम करणारे भाग म्हणजे कोर. कोरला लागणारा डेटा टप्प्याटप्प्याने ठेवलेला असतो. ९७००एक्समध्ये प्रत्येक कोरजवळ ४८ केबीची पहिली डेटा कॅश आहे, मग १ एमबीची दुसरी, आणि आठही कोर मिळून वापरतात ती ३२ एमबीची तिसरी, म्हणजे एल३. तिथेही डेटा सापडला नाही, तर रॅमपर्यंत जावं लागतं. ५ गिगाहर्ट्झवर क्लॉकचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा. एल३ मधून डेटा यायला साधारण १० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे ५० ठोके. रॅममधून यायला ७० ते ८० नॅनोसेकंद, म्हणजे साडेतीनशे ते चारशे ठोके. एवढा वेळ कोर बराचसा बसून असतो. गिगाहर्ट्झ वाढवले तरी हे बसून राहणं कमी होत नाही, कारण रॅमला लागणारा वेळ तोच राहतो.

एक्स३डी मालिकेत रायझन बनवणाऱ्या एएमडीने याच ठिकाणी हात घातला. ६४ एमबी कॅशची एक वेगळी सिलिकॉन चकती प्रोसेसरच्या चकतीवर थेट तांब्याला तांबं जोडून बसवली, मध्ये सोल्डर नाही. एल३ त्यामुळे ३२ ची ९६ एमबी झाली, आणि तिथून डेटा यायला जेमतेम चार ठोके जास्त लागू लागले. पहिला डेस्कटॉप प्रोसेसर ५८००एक्स३डी एप्रिल २०२२ मध्ये आला. प्रोसेसरजवळ मोठी मेमरी ठेवायची कल्पना त्याहून जुनी आहे. इंटेलच्या २०१५ च्या कोअर आय७ ५७७५सी मध्ये १२८ एमबीची वेगळी चकती होती, पण ती शेजारी ठेवलेली, म्हणून तिथून डेटा यायला एल३ पेक्षा बराच जास्त वेळ लागायचा. उभा थर देण्यामागे पैशाचंही कारण आहे. कॅशच्या पेशी चिप बनवण्याच्या नव्या प्रोसेसमध्ये आता फारशा लहान होत नाहीत, मग महागड्या चकतीवर त्यांना जागा कशाला द्यायची? रायझन ७००० मध्ये कोर ५ नॅनोमीटरचे आणि वरची कॅश ७ नॅनोमीटरची, ती यामुळेच.

याचा खेळात किती फरक पडतो ते एका हिशोबाने पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. सेकंदाला १४४ फ्रेम म्हणजे एका फ्रेमला ६.९४ मिलिसेकंद. समजा एका फ्रेमच्या कामात प्रोसेसरला ३० हजार वेळा, एकामागून एक, रॅमपर्यंत जावं लागतं. दर खेपेला ८० नॅनोसेकंद धरले, तर २.४ मिलिसेकंद निव्वळ वाट पाहण्यात गेले. यातल्या २० हजार खेपा मोठ्या कॅशमुळे १० नॅनोसेकंदांत भागल्या, तर खेपेला ७० नॅनोसेकंद वाचले, एकूण १.४ मिलिसेकंद. फ्रेम ५.५४ मिलिसेकंदांवर आली, म्हणजे १४४ च्या जागी १८० फ्रेम. क्लॉक न वाढवता.

आता हाच हिशोब दुसऱ्या बाजूने करा. ग्राफिक्स कार्डला एक फ्रेम रंगवायला १६ मिलिसेकंद लागत असतील, तर प्रोसेसरचं काम ६.९४ मध्ये उरकलं काय आणि ५.५४ मध्ये उरकलं काय, पडद्यावर फ्रेम १६ नंतरच येणार. तुमचे १६ हजार त्या फ्रेमपुरते वाया गेले. प्रोसेसरचे बहुतेक रिव्ह्यू १०८०पी वर आणि बाजारातलं सर्वांत महाग कार्ड लावून केलेले असतात. प्रोसेसरांमधला फरक उघडा पाडण्यासाठी ते बरोबरही आहे. पण त्यातली टक्केवारी १४४०पी वरच्या ५०६० टीआयला लावू नका.

म्हणजे जादा कॅश कामी यायला दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या हव्यात. काम प्रोसेसरपाशी अडलेलं हवं, आणि प्रोसेसर मेमरीपाशी अडलेला हवा. त्यातही पुन्हा पुन्हा लागणारा डेटा ३२ एमबीत न मावणारा, पण ९६ च्या आसपास मावणारा हवा. फॅक्टोरिओ हा कारखाना उभारण्याचा खेळ याचं चोख उदाहरण आहे. मध्यम आकाराच्या कारखान्यावर एक्स३डी साध्या प्रोसेसरला फार मागे टाकतो, आणि कारखाना अवाढव्य झाला की तोच फरक आक्रसत जातो, कारण आता ९६ एमबीसुद्धा पुरत नाही. खेळांबाहेरही हेच दिसतं. हवेच्या किंवा पाण्याच्या प्रवाहाचं गणित, चिपच्या आराखड्याची चाचणी, अशा कामांत सर्व्हरवरच्या थर रचलेल्या कॅशने मोठा फायदा दिला आहे. एएमडीच्या एपिक या सर्व्हर प्रोसेसरांच्या मिलान-एक्स मालिकेत ६४ कोरच्या प्रोसेसरला ७६८ एमबी एल३ होती. टॅली, एक्सेल, ब्राउझर, फोटोशॉप यांत काही हाती लागत नाही.

तुमच्या एडिटिंगकडे येतो, कारण घरात पैसे त्यातून येतात. हल्लीचे कॅमेरे ४के, १० बिट, ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवून, शूट करतात. अशी एक फ्रेम उलगडली की ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, पिक्सेलला चार बाइट, म्हणजे ३३ एमबी. तीन फ्रेम आल्या की ९६ एमबी भरली. शिवाय फ्रेम येते, तिच्यावर रंगाचं काम होतं, ती पुढे जाते. तीच फ्रेम लगेच पुन्हा लागत नाही, त्यामुळे ती जवळ साठवून फायदा नाही. पुढचा डेटा कोणता लागणार हे अशा कामात आधीच ठाऊक असतं, आणि प्रोसेसर तो वेळेआधी मागवूनही ठेवतो. टाइमलाइन अडखळते ती मुख्यतः ४:२:२ चा एचईव्हीसी, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ, उलगडताना. १६६० सुपर ते हार्डवेअरमध्ये करू शकत नाही, म्हणून सगळा भार ३६०० वर पडतो. ५० मालिकेतली आरटीएक्स कार्डं ते करतात, इंटेलच्या प्रोसेसरमधलं क्विक सिंकही करतं. फक्त दा विंची किंवा प्रीमियरची आवृत्ती नवी हवी. तुमची टाइमलाइन सुटसुटीत होईल ती ५०६० टीआयमुळे. त्या कामापुरते ९७००एक्स आणि ९८००एक्स३डी सारखेच समजा.

व्हॅलोरंटचं काम त्याहून सोपं आहे. हा खेळ प्रोसेसरवरच चालतो आणि मोठी कॅश त्याला आवडतेही, पण ९७००एक्सवर तो १६५ हर्ट्झच्या कितीतरी पुढे पळतो. मॉनिटर दाखवू शकत नाही अशा फ्रेमसाठी १६ हजार देण्यात अर्थ नाही. मुलगा स्पर्धांमध्ये उतरत असेल आणि ३६० हर्ट्झचा मॉनिटर घेणार असेल, तर वेगळं बोलू.

राहिला सिम्युलेटर. इथे मुलालाच कामाला लावा. खेळाच्या सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड सुरू केला की वर एक मेनू येतो, त्यात फ्रेम दाखवण्याचा पर्याय आहे. कोपऱ्यात एक चौकट उघडते आणि त्यात स्पष्ट लिहून येतं, की वेग मेनथ्रेडमुळे, म्हणजे प्रोसेसरमुळे, रोखला आहे की जीपीयूमुळे, म्हणजे ग्राफिक्स कार्डमुळे. इतकं प्रामाणिक मोजमाप फार थोडे खेळ देतात. मात्र बघताना समुद्रावरून तीस हजार फुटांवर उडू नका, तिथे प्रोसेसरला कामच नसतं. मोठं प्रवासी विमान घ्या, गर्दीचा विमानतळ घ्या, आजूबाजूची विमान वाहतूक सुरू ठेवा, आणि उतरताना शेवटच्या काही मैलांत त्या चौकटीकडे लक्ष ठेवा. सरासरी फ्रेमपेक्षा तिथला धक्का महत्त्वाचा. फ्रेमचा वेळ मध्येच दुप्पट होतो, विमान क्षणभर थबकल्यासारखं वाटतं, आणि ते नेमकं धावपट्टी समोर असताना. जादा कॅशचा खरा फायदा मला या धक्क्यांत दिसतो. सरासरी २० टक्क्यांनी वाढलेली एखाद्याला कळणारही नाही, पण हे धक्के गेलेले पहिल्याच लँडिंगला कळतात.

दुसरी खूण: रिझोल्यूशन मुद्दाम खाली आणा. चित्र फुटकं दिसेल, दिसू द्या. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड अडवत होतं. जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसर.

ही चाचणी आजच्या १६६० सुपरवर करून उपयोग नाही, ते कार्ड १४४०पी ला आधीच दमेल. म्हणून खरेदीचा क्रम बदला. आधी फक्त ५०६० टीआय घ्या आणि जुन्या मशिनमध्ये लावा. पॉवर सप्लाय बघून घ्या. १६६० सुपर १२५ वॅटचं होतं, हे १८० वॅटचं आहे आणि एनव्हिडिया त्याला ६०० वॅटचा सप्लाय सुचवते. जुना ४५० वॅटचा स्थानिक डबा असेल तर तो आधी बदला, नव्या मशिनलाही तो लागणारच आहे. तुमचं एडिटिंग त्याच दिवशी सुधारेल. मग मुलाने मोठ्या विमानतळावर उतरून बघावं. जीपीयू लिहून आलं, तर घाई संपली. मेनथ्रेड आलं आणि मुलगा आठवड्यातले बरेच तास तिथेच घालवत असेल, तर ९८००एक्स३डीचे १६ हजार मी द्यायला सांगेन, बिनदिक्कत.

मेनथ्रेड आलं, पण मुलगा मुख्यतः व्हॅलोरंटचाच असेल, तर ९७००एक्स घ्या आणि उरलेल्या पैशांत २ टीबीची एनव्हीएमई ड्राइव्ह टाका. लग्नाच्या फुटेजला ती लागतेच. याच पैशांत ५०७० सुचवणारे भेटतील. ते कार्ड खेळात वेगवान आहे खरं, पण त्याची मेमरी १२ जीबी आहे. दा विंचीत ४के वर नॉइज रिडक्शन लावता, तेव्हा १६ जीबी हाताशी असलेली बरी.

एक तक्रार जुनी झाली आहे, ती बाजूला ठेवा. "एक्स३डी खेळात पुढे, कामात मागे" हे ५८००एक्स३डीच्या वेळी बरोबर होतं. वरची कॅश उष्णता अडवायची, म्हणून त्याचा वेग ४.५ गिगाहर्ट्झवर ठेवला होता, साध्या ५८००एक्सचा ४.७ होता. ७८००एक्स३डी ५.० वर, ७७००एक्स ५.४ वर. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९८००एक्स३डीत कॅश कोरच्या खाली गेली. कोर आता थेट वरच्या धातूच्या झाकणाला लागून आहेत, त्यामुळे वेग ५.२ पर्यंत जातो आणि ओव्हरक्लॉकिंगही खुलं आहे. आठही कोर लावणाऱ्या कामात तो ९७००एक्सच्या थोडा पुढेच असतो. पण ते श्रेय कॅशचं समजू नका. ९८००एक्स३डीची टीडीपी, म्हणजे वीज-उष्णतेची ठरवलेली पातळी, १२० वॅट आहे, ९७००एक्सची ६५. ९७००एक्सला बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमधून, १०५ वॅटचा पर्याय दिला, की यातलं बरंच अंतर फुकटात भरून निघतं.

मुंबईच्या हवेत हा वॅटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. एप्रिल-मेमध्ये विना एसीच्या खोलीत तेहतीस-चौतीस अंश असतात, आणि प्रोसेसर त्याच्याही वर तापत जातो. एक्स३डी खेळताना मात्र फार वीज खात नाही. मेमरीची वाट कमी पाहावी लागते म्हणून तो कमी वेगात तेच काम उरकतो, आणि त्याला एक चांगला टॉवर एअर कूलर पुरतो. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ अंशांची होती, ९८००एक्स३डीची ९५ आहे. पाण्याचा कूलर आग्रहाने विकला जाईल, तुम्हाला नको. त्याऐवजी समोर जाळीची कॅबिनेट घ्या आणि पावसाळ्यापूर्वी एकदा धूळ काढा.

१२ किंवा १६ कोरच्या एक्स३डीचा मोह झाला, तर एवढं लक्षात असू द्या, की ७९५०एक्स३डी आणि ९९५०एक्स३डी यांत दोन चकत्या असतात आणि जादा कॅश एकीवरच असते. खेळ योग्य चकतीवर चालवण्याचं काम चिपसेट ड्रायव्हर आणि विंडोजचा गेम बार करतात. ते नीट बसलं तर उत्तम, नाही तर खेळ चुकीच्या कोरवर जाऊन बसतो. दिवसभर प्रोसेसरवर रेंडर करणाऱ्याने तो विचार करावा. घरच्या मशिनला आठ कोर आणि एकच चकती हा सरळ मार्ग आहे.

एक वाट कोटेशनमध्ये नव्हती. तुमचा ३६०० सांगायला ३२ एमबी एल३ चा, पण ती १६-१६ च्या दोन भागांत विभागलेली आहे, म्हणजे तीन कोरच्या वाट्याला १६ च येते. त्याच बी४५० बोर्डावर, बायोस अपडेट करून, ५७००एक्स३डी बसतो. आठ कोर, ९६ एमबी, जानेवारी २०२४ चा माल. मोठ्या कॅशमुळे रॅमच्या वेगावरचं अवलंबित्वही कमी होतं, त्यामुळे तुमची डीडीआर४ तिथे नडणार नाही. वर १६ जीबी भरली की झालं. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव ज्या प्रकारे चढले आहेत, ते बघता नवा बोर्ड आणि ३२ जीबी डीडीआर५ टाळणं म्हणजे खरी बचत. सिम्युलेटरसाठी तर हा पर्याय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. अडचण एकच, नवा पीस आता क्वचित सापडतो.

सेकंडहँड मिळाला तर दुकानातच लावून बघा. या प्रोसेसरच्या पिना त्याच्या स्वतःच्या पोटाला असतात. उजेडात तिरका धरून प्रत्येक रांग सरळ आहे का ते पाहा. मग सीपीयू-झेड हे प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, एल३ समोर ९६ एमबी दिसायला हवं. अर्धा तास सगळ्या कोरवर भार ठेवा. नवा घेत असाल, कोणताही, तर बॉक्स पीसच मागा. हजार-दोन हजारांनी स्वस्त म्हणून ट्रे पीस, म्हणजे खोक्याशिवाय सुटा, पुढे केला जातो, त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नसते. जीएसटीच्या बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. एएम५ चा, म्हणजे ९७००एक्स ज्या सॉकेटमध्ये बसतो त्याचा, बोर्ड घ्यायची वेळ आलीच, तर बायोस फ्लॅशबॅकचं (प्रोसेसर न लावताही बायोस अपडेट करण्याचं) बटण असलेला घ्या. एएमडीने हा सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवण्याचं जाहीर केलं आहे. म्हणजे आज ९७००एक्स घेतला तरी मुलाचा एक्स३डी त्याच बोर्डावर पुढे कधीही बसेल.